घुमट आणि टाकी एका रेषेत

१२ मे १९८४, नाटे
भाचा सूर्या सकाळी येऊन गेला. त्याची बोट जूनात रशियाला, काळ्या समुद्रावरच्या त्याच बंदरात! चहा हातातच निवला.
१९६२. मी खलाशी, आमची बोट तिथे दुरुस्तीला लागलेली. मी तापात फिरायला निघालो आणि चौकात घेरी येऊन पडलो. समोरच्या घरातल्या बाईने आत नेलं, तीन दिवस कोबीचं सार पाजलं. निघताना लढाईत गेलेल्या मुलाचा कोट माझ्या अंगावर चढवला. परत आणून देतो, असं खुणांनी सांगून आलो. पहाटे बोट सुटली. नंतर वीस वर्षं दर्यावर काढली, ते बंदर पुन्हा लागलं नाही.

१३ मे
कोट सूर्याबरोबर धाडायचा ठरवलं. ही म्हणाली, "बावीस वर्सा मी तेला ऊन दावलाय. म्हातारी जिती नसली तर सूर्या कोणाच्याबी हातात देईल."
खरं आहे. तरी द्यायचाच.

२ जून
सूर्याला चौकाचा नकाशा काढून दिला. त्या बाईने खिडकीतून दाखवलेला सगळा चौक अजून डोळ्यांसमोर आहे. हातवारे करून सांगायची: आधी इथे घोड्यांचा बाजार होता, मग त्यांचं घुमटाचं देऊळ झालं, मग देवळात धान्याची पोती. पुढ्यात मोठा पुतळा होता म्हणे, तो उतरवलेला, चौथरा उरलेला. त्यावर पोरं बसत.
घराची खूण पक्की: देवळाचा घुमट नि मागची पाण्याची टाकी एका रेषेत आली की आपल्या पाठीमागचं दार तिचं. बाबांनी मासळीची जागा अशीच धरायला शिकवलं होतं, गावच्या देवळाचा कळस आणि डोंगरावरचा वड जुळवून. पाण्यावर पाटी थोडीच असते.

१९ ऑग.
सूर्याचं पत्र. घुमट नाही. टाकी नाही. चौथऱ्याच्या जागी कारंजं, भोवती चार मजली इमारती. दोन तास नकाशा घेऊन फिरला. लोक नकाशा बघून हसले, एका म्हाताऱ्याने मात्र घुमटावर बोट ठेवून मान हलवली. कोट अजून सूर्याकडेच.
जेवण गेलं नाही. डोंगर हलत नाहीत म्हणून आमची विद्या चालते. मी ती माणसांच्या गावात वापरली. गाढव.

२१ ऑग.
पत्राच्या शेवटी लिहिलंय, "मामा, बोट नोव्हेंबरात पुन्हा तिथेच लागेल. रस्त्याचं नाव नाहीतर बाईचं नाव-आडनाव कळवा, कचेरीत विचारतो."
उत्तर लिहायला बसलो. ही दोनदा डोकावून गेली. शेवटी म्हणाली, "नाव लिवा नि पाकीट बंद करा, टपालवाला जाईल."
नाव कुठून लिहू? तीन दिवस मी तिला आई म्हणत होतो. ती ओ देत होती.