मागच्या खोलीतलं घोरणं

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं आहे. मशीनवाल्याचा हुकूम. मास्क लावून झोप कशी लागली, नळी कुठे अडकली, सकाळी घसा कोरडा होता का, सगळं महिनाभर लिहून ठेवा म्हणाला, म्हणजे त्याला हवेचा दाब जुळवता येईल. शाळा सुटल्यापासून मी अर्जापलीकडे हाताने काही लिहिलेलं नाही. पण नवी नोकरी, नवं गाव, नवं घर आणि त्यात हे नवं नाक, म्हणजे विषयांना तोटा नाही.

घर झकास मिळालं. वरचा मजला, पुढे एक खोली, मागे एक, मधली भिंत सामाईक, बाजूला स्वयंपाकघर. जिना लोखंडी आणि बाहेरून आहे, त्यामुळे खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंना आपण कधी आलो-गेलो ते न बघताच कळतं. बाई बोलक्या आहेत. मी खोकी वर चढवत होतो तेवढ्यात त्यांनी मला पगार सोडून सगळं विचारून घेतलं.

आमची ही पंधरवड्याने येईल, तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकलं की. मग पुढच्या खोलीत आमचा दोघांचा पलंग. हे लिहिताना या वयात लाजायला होतंय. गेली कित्येक वर्षं आमची अंथरुणं दोन खोल्यांत आहेत, आणि त्याला भांडण नव्हे, माझं घोरणं कारण आहे. नुसतं घोरलो असतो तर तिने चालवून घेतलं असतं. मी घोरता घोरता मध्येच थांबतो. श्वासच थांबतो. मग ही पलीकडच्या खोलीतून उठून येते, मला हलवते, अहो कुशीवर व्हा म्हणते, आणि गाडी पुन्हा सुरू झाली की जाऊन पडते. इतकी वर्षं तिने अशी एक कान जागा ठेवून काढली. डॉक्टरांनी हे झोपेत नाकातून हवा ढकलत राहणारं मशीन लिहून दिलं तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं किंमत ऐकून आलं असेल. तर म्हणाली, आता एका खोलीत झोपता येईल.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिल्या रात्री नळीने मला असं गुंडाळलं की सकाळी आधी कोण सुटलं, मी की नळी, सांगता येणार नाही. मास्कच्या कडेतून हवा डोळ्यात जात होती. मी पट्टे आवळत गेलो आणि नाकावर वळ उठले.

आज मशीनवाला येऊन गेला. हसला, पण पोटातल्या पोटात. म्हणाला, पट्टे सैलच हवेत, आणि मास्क बसून लावायचाच नाही, आडवं होऊन लावायचा, कारण आडवं झालं की चेहरा पसरतो. नळी डोक्यामागून वर न्यायची. त्याने पलंगाच्या उशाशी भिंतीत हूक ठोकला आणि नळी कापडी पट्टीने त्याला टांगली. आता मी कूस बदलली की ती मुकाट्याने मागे येते. नळीत पाणी जमून गुडगुडत होतं, त्यावरही त्याच्याकडे उपाय होता. नळीला गरम कपडे घाला म्हणाला. जुन्या स्वेटरची बाही कापून चढवली. आरशात आता स्वेटर घातलेला हत्ती दिसतो. हिला फोनवर सांगितलं तर हसून हसून तिला ठसका लागला.

९ नोव्हेंबर, रविवार

मध्ये लिहिलं नाही, कारण मध्ये नुसता झोपलो. अशी झोप शाळेत बाकावर लागायची, त्यानंतर आत्ता. डोकं हलकं आहे. कामावर पॅनेलसमोर डुलकी येत नाही. या डुलक्यांपायीच तर जुनी नोकरी गेली.

इथे कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर माझ्याकडे आहेत. ही यंत्रं बोलतात. ओढताना जरा घरघर आली की काट्याकडे न बघता मला कळतं कुठला व्हॉल्व्ह फडफडतोय. माझा जोडीदार उन्हातही गळ्यातला मफलर काढत नाही, म्हणून सगळे त्याला मफलरच म्हणतात. स्वभावाने बरा आहे. चहा आणला की आधी मला देतो.

संध्याकाळी जिन्यात बाई भेटल्या. झोप लागते ना, म्हणून विचारलं आणि उत्तर स्वतःच दिलं. लागतच असणार, तुमचं घोरणं आमच्या ताटापर्यंत येतं. मी ओशाळलो. मास्क कुठेतरी गळत असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मास्क गळत नाही. मशीनवाल्याने आकडे काढून बघितले. म्हणाला, घोरणं नाही, अडकणं नाही, तुम्ही तान्ह्या बाळासारखे झोपता. बाईंना हे सांगितलं तर त्या माझ्याकडे लबाड मुलाकडे बघावं तशा बघायला लागल्या. त्यांचं म्हणणं, आवाज त्यांच्या स्वयंपाकघराच्या वरून येतो. त्यांच्या स्वयंपाकघराच्या वर माझी मागची खोली आहे. तिथे पाहुण्यांसाठी एक गादी पडली आहे, बाकी काही नाही. पाण्याचे पाइप वाजत असतील म्हणालो. त्या म्हणाल्या, पाइप मध्येच थांबून दम घेत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे दिवसाउजेडी घडलं आहे आणि मी जागा होतो, हे आधी लिहून ठेवतो.

मशीनवाल्याने सांगितलं होतं, जागेपणीही थोडा वेळ मास्क लावून बसत जा, म्हणजे सवय होते. जेवण झाल्यावर पलंगावर मास्क लावून पेपर वाचत पडलो होतो. मागच्या खोलीत कुणीतरी घोरायला लागलं.

मास्क काढला. आवाज बंद. लावला. आवाज सुरू. दिव्याचं बटण दाबून बघावं तसं मी ते कितीदा तरी केलं. मग मास्क तसाच ठेवून कान दिला. डॉक्टरांना ऐकवायला हिने माझं घोरणं फोनवर घेतलं होतं, ते मी ऐकलेलं आहे. ओढताना दोन टप्पे, दुसऱ्यात शिट्टी, सोडताना ओठ फडफडतात. कॉम्प्रेसर ओळखण्यात मी चुकत नाही, मग स्वतःला ओळखायला कसा चुकेन. ते माझंच होतं.

आणि मग ते थांबलं. ती थांबण्याची जागाही माझीच. मी वाट बघत राहिलो. नळीतून हवा नाकावर आदळत होती आणि ती आत घेणं मला जमत नव्हतं. पलीकडे खर्रकन श्वास सुटला, तेव्हा माझाही सुटला. हिने इतकी वर्षं काय ऐकत काढली ते मला आज कळलं. फार भीती वाटली.

मागची खोली नंतर पाहिली. गादी आहे तशीच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल मास्क न लावता झोपलो. बाई म्हणाल्या, काल मागे अगदी चिडीचूप होतं. म्हणजे मी मास्क लावला की माझं घोरणं उठून पलीकडे जातं. हे कुणाला सांगावं? आज डोकं फुटतंय, पॅनेलसमोर मान पडली आणि मफलरने सावरून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, मशीन सोडलंत तर हृदय सोडून देईल. आज लावून झोपणार. ही परवा येते आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आली. घर एकदम घरासारखं झालं. तिने खिडक्या पुसल्या, माझ्या शर्टांना नावं ठेवली, आणि रात्री स्वतःच्या हातांनी माझ्या डोक्यामागे पट्टे लावून नळी हुकाला टांगली. मी काहीतरी बोलायला गेलो. मास्क नाकाचा आहे, तोंड उघडलं की सगळी हवा तिथून फस्स करून बाहेर पडते आणि शब्द होतच नाही. ती हसत सुटली. म्हणाली, मशीन भलं, तुमची बडबडही बंद केली. शेजारी आडवी झाली. तिला काही सांगितलेलं नाही. सांगवलं नाही. मी इतका सुखात होतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ही गुणगुणत चहा करत होती. म्हणाली, आधी झोपच येईना. तुमच्या शेजारी इतकं शांत की माणूस आहे की नाही तेच कळत नव्हतं. शेवटी उठून मागे जाऊन पडले. मग तुम्ही आलात, घोरायला लागलात, तेव्हा कुठे डोळा लागला.

मी पुढच्या खोलीतून हललो नव्हतो.

विचारलं, मला बघितलंस का. म्हणाली, अंधारात काय बघायचंय, पाठीला पाठ लागली. मध्ये श्वास अडला तेव्हा अहो, कुशीवर व्हा म्हटलं, तर झालात. अंग मात्र गार होतं हो तुमचं. कोल्ड स्टोरेजमधून तसेच आल्यासारखं.

हिने त्याला अहो म्हटलं. लग्नापासून तिने मला दुसऱ्या कशाने हाक मारलेली नाही. त्या हाकेत माझं नाव नाही. जो ओ देईल त्याची ती.

आज मागच्या खोलीला कुलूप लावतो आहे. किल्ली उशीखाली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ही मागच्या खोलीतून आली. कुलूप उघडं. मी ओरडलो. ती दचकली, माझ्या आवाजाने नाही, मी तिथे उभा आहे हे दिसल्याने. म्हणाली, असे चोरपावलांनी काय येता, आणि कुलूप तुम्हीच तर उघडून दिलंत.

सगळं सांगून टाकलं. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

प्लांटवर मी थंड खोलीत असताना मफलरने बाहेरून दार माझ्या तोंडावर लावलं. आतून उघडायची कडी होती म्हणून बाहेर आलो. शपथेवर म्हणाला की आत कुणी दिसलं नाही. चहा आणला तो एकट्यापुरता. घरी येताना मी जिन्यावर मुद्दाम पाय आपटले. लोखंड वाजलं नाही. बाई दारातच बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

आत्ता मशीनच्या टाकीत पाणी भरायला मास्क काढला तर श्वास आपणहून येईना. छाती हलतच नाही. पुन्हा लावला तेव्हा आला. मशीन देतं तेवढाच माझा. बाकीचा पलीकडे —

पलीकडे मास्कशिवाय मजेत चाललंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. मास्क लावूनच लिहितो. नळी पुरेल तेवढीच माझी खोली. ही दोनदा आत येऊन गेली. पलंगावरची चादर ओढून सरळ केली. माझ्या पायांवरून.

ताटं दोन वाढली. जेवताना ती कुणाशी तरी बोलत होती. हसत होती.

दुपार. ती मागे जाऊन पडली आहे. घोरणं सुरू —

भिंतीवर मूठ आपटली. ती म्हणाली की बाई खाली काहीतरी कुटतायत.

थांबलं. मीही —

सुरू नाही अजून. तिने हलवलं. अहो म्हणाली. मी ओ द्यायला तोंड उघडलं. नुसती हवा. पुन्हा अहो. मी जोर —

तिकडून ओ आली. झोपेने जड. माझ्या आवाजात.

ती विचारते आहे पुढच्या खोलीत सूं सूं कसलं येतंय. तो म्हणाला कुणी नाही, माझं मशीन चालू राहिलंय, तेवढं बंद करून ये ना.

येते आहे. बांगड्या —

दारात उभी आहे. भर उजेड आहे. मी हात हलवतो आहे. ती पलंगाकडे बघते. मास्ककडे. च्च म्हणाली, वीज जाते उगाच —

वाकली. केसांचा वास येतो आहे. हात बटणाकडे —

अगं, मी