भिंगरी तुमच्या बांधावर वळली

सांगवी,
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

ती. कौसल्याकाकींना साष्टांग नमस्कार.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही बोलता आणि समोरचा ऐकतो, हे सगळ्या शेळगावाला ठाऊक आहे. मला एकदा शेवटपर्यंत बोलायचं आहे.

रविवारी घोड्या घेऊन तुमच्या रानात घुसलेली, डोक्याला स्कार्फ बांधलेली मुलगी मीच. पुण्याच्या पाहुण्यांना सांगवीहून कालव्याच्या कडेनं शेळगावपर्यंत घोड्यावरून फिरवून आणते, दोन दिवसांची रपेट असते. तुमच्या रानात थांबायचं नव्हतंच. पण पुढं भिंगरी होती. तुमच्या बांधाशी आली आणि लगाम ओढला तरी आत वळली. मग बाकीच्याही तिच्या मागं. लिंबाखाली जाऊन मान खाली घालून उभी राहिली, पाठीवरचा संसार उतरवायची वाट बघत. अकरा वर्षं झाली, काकी.

दुसरं कुणी असतं तर काठी घेऊन धावलं असतं. तुम्ही घोड्यांना पाणी दाखवलंत आणि आम्हा सहा जणांना पिठलं-भाकरी वाढलीत. तुमचा ठेचा खाऊन ते चष्मेवाले साहेब घोड्यापेक्षा जोरात फुरफुरत होते. अख्ख्या रपेटीत तेच जेवण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. लहानपणीही कळत नव्हतं. दर दिवाळीनंतर आमचा मेंढरांचा वाडा खतासाठी तुमच्या रानात बसायचा, आणि माझ्या केसांना महिनाभर तुमच्याच घरचं तेल असायचं.

तुम्ही भिंगरीचा फाटका कान धरलात आणि म्हणालात, "आगं, ही तर आप्पाची घोडी! तू कोण गं त्याची?"

मी म्हणाले, "कुणी नाही. घोडी विकत घेतलीय आम्ही."

तुम्ही म्हणालात, "माणूस लाखात एक हुता. पर राखणीला झोपला, आन् सोन्यासारखी बाग गेली. न्हायतर त्याला मी कदी जाऊ दिला नसता."

बापाला बाप म्हटलं नाही, म्हणून घरी येईपर्यंत माझं मलाच थुंकावंसं वाटत होतं.

काकी, आप्पा झोपले नव्हते. त्या पहाटे ते पलीकडच्या कोपऱ्यात विताना अडलेल्या मेंढीला सोडवत होते. मला भिंगरीवर बसून कालव्यापर्यंत जायचं होतं. घोडी आतल्या बाजूला बांधलेली, म्हणून मी मेंढरांभोवतीच्या वाघरीची एक मेख उपटली, जाळी बाजूला केली आणि घोडी बाहेर काढली. मेख परत ठोकायला हवी, हे धनगराच्या तान्ह्या पोरालाही कळतं. मी चौदा वर्षांची होते. परत आले तेव्हा तुमच्या डाळिंबाच्या रोपांच्या ओळीच्या ओळी मेंढरांच्या पोटात गेल्या होत्या.

आप्पांनी पडलेली मेख बघितली, मला बघितलं, आणि दगडानं ती मेख ठोकून टाकली. तेवढ्यात तुमचे मालक आले. आप्पा म्हणाले, "माजा डोळा लागला, मालक."

त्यानंतर झोपणारा धनगर म्हणून त्यांचं नाव पडलं. कुणी वाडा बसवायला बोलवेना. दोन वर्षांत मेंढरं गेली. तेवढी भिंगरी त्यांनी ठेवली. अकरा वर्षांत या गोष्टीवर ते माझ्याशी अवाक्षर बोललेले नाहीत, आणि मीही भित्री, कधी विचारलं नाही. आज मी त्याच भिंगरीच्या जिवावर चार घास खाते.

रविवारी घरी येऊन सांगितलं, भिंगरी शेळगावला आत वळली. आप्पांनी आधी काय विचारलं असेल? "काकी बऱ्या हायत का? बाग परत धरली का त्येंनी?" तुम्ही पुन्हा लावलेली बाग फळाला आल्याचं मी सांगितलं, तर मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, "माज्यापरास घोडीला अक्कल जास्त हाय. मला कदी वळायचा धीर झाला न्हाय."

येत्या रविवारी पाहुणे नाहीत. आप्पांना भिंगरीवर बसवून तुमच्याकडं आणते आहे. पत्राचं त्यांना ठाऊक नाही, सांगूही नका. तुम्हाला हवं ते मला बोला, चार लोकांत बोललात तरी चालेल. तुमच्या मालकांना मात्र आधीच वाचून दाखवा.

आणि एक मागते. जेवणं झाली की तुम्ही सगळे काहीतरी निमित्त काढून घरात जा, आणि जाता जाता सहज म्हणा, "आप्पा, आमी येईस्तोवर बागेकडं ध्यान ठेवा." दुसरं काही म्हणू नका. ते उठून उभे राहतील आणि तुम्ही परत येईपर्यंत खाली बसणार नाहीत. तुम्ही बघालच.

आप्पांचीच लेक,
वैष्णवी