ससाण्याच्या आवाजाच्या यंत्राबाबत फेरअर्ज

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
किनारा पर्यटन कार्यालय,
मोटरहोम तळ शाखा.

विषय : तळावरील ध्वनिक्षेपकातून ससाण्याचा आवाज वाजवण्याच्या वेळा लेखी कळवण्याबाबत.

संदर्भ : माझी पहिली तक्रार व ती निकाली काढल्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार बॉयलर दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला असून अर्जदाराची पत्नी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आपण आमच्या पहिल्या तक्रारीतील तीनच ओळी वाचल्याचे आपल्या उत्तरावरून दिसते, म्हणून या वेळी सर्व हकीकत सुरुवातीपासून सादर करीत आहे.

१. कारखान्याने माझे कान नेले आणि आजाराने तिचे डोळे. मला बारीक आवाज येत नाहीत, तिला उजेड आणि अंधार एवढेच कळते. तरीही दरवर्षी आम्ही किनाऱ्याने पायी फिरतो आणि पक्षी पाहतो. ती ऐकून हाताने दिशा दाखवते, मी दुर्बीण लावतो आणि काय दिसते ते तिला सांगतो. दोघांचे मिळून एक धड माणूस होते, असे ती म्हणते. यंदा गुडघ्यांमुळे लांबचे मुक्काम जमेनात, म्हणून मुलीने आग्रहाने भाड्याचे मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, ठरवून दिले. आपलाच तळ निवडला, कारण आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर 'गाडीचे दार उघडा, समोर पक्षी' असे छापले आहे.

२. पहिल्याच सकाळी पत्नीने मला हलवून उठवले. ससाणा बोलत होता. इतक्या जवळून तिने तो कधी ऐकला नव्हता. तिने पाण्याच्या नळाच्या दिशेने हात केला. मी अंगावर शाल घेऊन मान दुखेपर्यंत आभाळ पाहिले, काहीही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशीही तोच. ओहोटीच्या चिखलावर एरवी चिखल्या आणि तुतारी या पक्ष्यांची नुसती धावपळ असते, तिथे एक पंख हालत नव्हता. पत्नी म्हणाली, तुमचे हल्ली पाहण्यात लक्ष नसते. मी म्हणालो, आता तुझे कानही जायला लागले असतील.

त्या दिवशी खडकांवरच्या पायवाटेने जाताना तिने माझे कोपर धरले नाही. कडेचा दोर चाचपत ती एकटी चालली आणि मी दोन पावले मागून चाललो. आपल्या कार्यालयाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ असेल. आमच्या संसारात असा रस्ता आम्ही पूर्वी कधी चाललो नव्हतो.

३. चौथ्या दिवशी मी पुन्हा दुर्बीण लावून उभा असताना तळावरच्या सफाईच्या बाई थांबल्या. मला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्या अगदी कानाशी येऊन म्हणाल्या, "काका, वर काय बघताय? तो त्या खांबावर आहे." नळाजवळच्या खांबावर राखाडी रंगाचा कर्णा होता. त्यातून ससाण्याचा आवाज वाजवतात आणि त्या भीतीने बाकीचे पक्षी फिरकत नाहीत, हे त्यांनी समजावून सांगितले. मी गाडीत जाऊन पत्नीला हे सांगितले. तिने हातातला कप खाली ठेवला आणि बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली.

४. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी मला सौजन्याने बसायला खुर्ची दिली. पक्षी गाड्यांच्या टपावर घाण करतात अशी पर्यटकांची तक्रार होती, सबब यंत्र बसवले, असे त्यांनी सांगितले. मी माहितीपत्रक त्यांच्यापुढे ठेवले. त्यावर ते म्हणाले, छपाई दुसरी शाखा पाहते.

५. त्यानंतर माझ्या तक्रारीवर आपले उत्तर आले. त्यातील वाक्य जसेच्या तसे देत आहे : 'तक्रारदारास ऐकू येत नाही व त्यांच्या पत्नीस दिसत नाही, सबब सदर आवाज ऐकल्याचा अथवा सदर यंत्र पाहिल्याचा एकत्रित पुरावा कोणाकडेही आढळून येत नाही. प्रकरण बंद.' महोदय, इतकी वर्षे आमच्यात ज्याची खोट होती ती आम्ही एकमेकांकडून भरून काढत आलो. आपण मात्र दोन्ही खोटींची बेरीज करून आम्हाला खोटे ठरवले. पत्नीने हे पत्र मला दोनदा वाचायला लावले. दुसऱ्या खेपेला ती हसली. ते हसणे मला आवडले नाही.

६. निघण्याच्या सकाळी ती गाडीच्या पायरीवर चिखलाकडे तोंड करून बसली आणि काय दिसते ते सांगा म्हणाली. समोर काही नव्हते. मी सांगू लागलो. चिखल्या पळताहेत, एक कोरल लांब चोच खुपसतो आहे, दोन सुरय पाण्यावर सूर मारताहेत. तिने सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "छान सांगता तुम्ही. पण यातला एकही ओरडत कसा नाही?"

७. तेव्हापासून घरीही कुठलाही पक्षी बोलला की ती मला विचारते, "हा खरा का?" मला तो ऐकूच येत नाही, मी काय सांगणार? आणि दिसला म्हणून सांगितले, तरी आता माझ्या सांगण्याचा भरवसा उरलेला नाही.

म्हणून यंत्र काढून टाकावे अशी मागणी मी करीत नाही. टप स्वच्छ राहिले पाहिजेत, हे मला पटवून देण्यात आले आहे. माझी विनंती एवढीच आहे की, यंत्र कोणत्या वेळी चालू असते आणि कोणत्या वेळी बंद, हे कार्यालयाच्या शिक्क्यानिशी लेखी द्यावे. तसा कागद मिळाल्यास पुढच्या हंगामात पुन्हा यायला ती तयार आहे. यंत्र बंद असलेल्या वेळात जो कोणी ओरडेल तो खरा, असे मी तिला सांगेन. माझ्या शब्दावर नाही, तरी आपल्या शिक्क्यावर ती विश्वास ठेवील.

उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
अर्जदार (मुक्कामी असताना : तळावरील नळाजवळची जागा)

दिनांक : पोचपावतीवर टाकावा. मागील वेळी तो टाकण्यात आला नव्हता.

सोबत : १. माहितीपत्रकाचे पहिले पान.
२. पत्नीच्या कानांच्या तपासणीचा दाखला. कानांत दोष नाही.