साहेबांना मी काय सांगितलं

राजाजीनगर, बेंगळूर
१२ नोव्हेंबर १९६१

तीर्थस्वरूप गुंडोअण्णांस,

धाकट्या जयतीर्थाचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे सुखरूप आहोत. बेळगावात थंडी पडली असेल, अंगात स्वेटर असू द्या. पद्मावतीवहिनी अजून चार घरी स्वयंपाकाला जातात, असं मामांनी लिहिलं होतं. वाचून वाईट वाटलं.

एक आनंदाची बातमी. आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या एका प्रांताच्या सरकारबरोबर काढलेलं आपलं प्रशिक्षण केंद्र, त्याचा दुसरा करार झाला. आणखी यंत्रं येणार आहेत. इथून दोन वर्षांसाठी तिकडे जाणाऱ्या तिघांत माझं नाव आहे. जानेवारीत बोट.

दुसरी बातमी बरी नाही. गेल्या गुरुवारी मल्लाप्पाचे दोन्ही हात गेले. तुमच्या जागी घेतलेला तो. पत्रा दाबायची प्रेसही तीच, जिच्यावर तुमचा उजवा हात गेला. शुद्ध जाईपर्यंत तो ओरडत होता, "कालु इट्टिल्ल, सार!" पाय ठेवलाच नव्हता म्हणून.

तिकडून आलेले हार्टमनसाहेब तीन वर्षांत स्वल्प कन्नड शिकलेत. तेवढं त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"तुमचा भाऊ त्या दिवशी इस्पितळात नेमकं काय म्हणाला होता?"

"मी तेव्हाच सांगितलं, साहेब."

अण्णा, आता तुम्हालाही सांगणं भाग आहे.

त्या दिवशी तुम्ही आपल्या घरच्या मराठीत बोललात. खोलीत ती मला एकट्यालाच कळत होती. तुम्ही म्हणालात, "जया, पाय पॅडलवर नव्हता. प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. साहेबांना सांग, ती बंद करा, नाहीतर आणखी कुणाचा तरी हात जाईल."

मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो, चूक माझीच. घाईत पाय पडला."

साहेबांनी विचारलं, "नक्की?"

मी तुमच्याकडे वळलो आणि विचारलं, "अण्णा, फार दुखतंय का?" तुम्ही होकारार्थी मान हलवलीत. ती त्यांनी पाहिली आणि लिहून घेतलं.

आत यायच्या आधी संचालकांनी मला व्हरांड्यात थांबवलं होतं. "यंत्रात दोष निघाला तर साहेबांना तो तिकडे कळवावा लागेल. करार अडेल. तिकडे पाठवायच्या माणसांची यादी माझ्याकडे आहे. सरी ना? चालेल ना?" मी सरी म्हटलं. त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

निष्काळजीपणाबद्दल तुम्हाला काढल्याचं पत्र मीच टाइप केलं. आणि बेळगावला निघताना स्टेशनवर तुम्ही मला जवळ घेऊन म्हणालात, "तू होतास म्हणून माझं म्हणणं साहेबांपर्यंत पोचलं तरी." मी तुमची ट्रंक डब्यात चढवली.

हे आज लिहितोय, कारण वीस तारखेला हार्टमनसाहेब तुम्हाला भेटायला बेळगावला येतायत. मला सोबत घेत नाहीत. दुभाषा म्हणून तिथल्या कॉलेजातले कुणी प्राध्यापक ठरवलेत. तुम्ही एवढंच सांगा, पाय माझाच पडला. मल्लाप्पाचे हात काही परत येणार नाहीत, तुमचाही नाही. माझं जाणं मात्र अजून होऊ शकतं.

आणि खरं सांगायचं मनात आलंच, तर हेही ऐकून ठेवा. अपघातानंतर तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय, तुम्ही वाटेल ते बरळता, असं मी साहेबांना सांगून ठेवलंय. संचालकांनी तसा कागदही केलाय, सख्खा भाऊ म्हणून खाली माझी सही आहे. तुमच्या बोलण्यानं काही बदलणार नाही. वहिनींसमोर तुम्हाला वेडा ठरवलं जाईल, एवढंच.

उत्तर पाठवू नका. ते वहिनींकडून लिहवून घ्यावं लागेल, आणि यातलं त्यांना काही कळायला नको.

तुमचा पाठचा भाऊ,
जयतीर्थ