लाल पेन्सिलीचे गोल

३ मार्च
आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. नोकरी मिळाली ती त्वचेच्या दवाखान्यात आणि कामावरच्या माणसांना उपचार फुकट. ताई मला लहानपणापासून 'चाळणी' म्हणते. आता तिला नवीन नाव शोधावं लागणार.

राहायची खोलीही दवाखान्याच्या वरच. काम सोपं आहे. पेशंटला खुर्चीत बसवायचं, तोंड धुऊन घ्यायचं, बधिर करणारं मलम लावायचं. डॉक्टरबाई हळू बोलतात. चेहरा दोनदाच धुवा, घासू नका, पुटकुळी फोडू नका, खपली काढू नका, उशीचा अभ्रा बदलत राहा. मुरूम जातो, व्रण राहतो, म्हणून जपायचं.

प्रत्येकाला चेहऱ्याची आकृती छापलेला कागद देतात. जे नको असेल त्याभोवती आपणच लाल पेन्सिलीने गोल करायचा. मी हावरटासारखे अकरा केले. उजव्या गालावरच्या खड्ड्याला एक. बाबा गेले त्या आठवड्यात मी तो नखाने कुरतडून केला होता. शेवटचा हनुवटीच्या व्रणाला. मी आणि ताई एकाच झोपाळ्यावरून पडलो होतो, मला तीन टाके, तिची भुवई फाटलेली. दवाखान्यापर्यंत तिने स्वतःचा फ्रॉक माझ्या हनुवटीला दाबून धरला. आपल्यालाही लागलंय, हे ती सांगायलाच विसरली.

९ मार्च
पहिल्या गोलांची सूज उतरली. आरशासमोरून हलवत नाही.

झाडलोट करणाऱ्या मावशींच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मुलं किती, विचारलं. बादलीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, असतील.

घरच्या एका माणसालाही उपचार फुकट आहेत. मी ताईचा कागद भरून दिला. कपाळावरच्या पुटकुळ्या आणि भुवईची चीर. तिला फोन केला तर आधी खूप हसली, मग तयार झाली. तीस तारखेला येतेय.

१६ मार्च
सात गोल संपले. उजवा गाल लोण्यासारखा झालाय.

पाकिटात एका गृहस्थांचा फोटो सापडला. चष्मा, हसरा चेहरा. मागे माझ्या अक्षरात 'बाबा' लिहिलंय. बराच वेळ बघितला. काही वाटलं नाही.

२१ मार्च
काल हनुवटी झाली. मलमाचा बधिरपणा उतरत नाही. चहाने ओठ भाजला, ते फोड दिसल्यावर कळलं.

मागची पानं वाचली. झोपाळा, टाके, फ्रॉक. अक्षर माझंच आहे. कुठला झोपाळा?

व्रणाबरोबर काय जातंय ते कळलं. घाबरायला हवं. नोकरी सोडते म्हणून डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, खुशाल सोड, घर कुठंय तुझं? पत्ता आठवेना. मग हात धुऊन पुढच्या पेशंटकडे गेले.

ताईला येऊ नको म्हणून कळवायचं. उद्या नक्की —

२६ मार्च
फोन बोटाने उघडत नाही. बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. कागदावर अकराच गोल होते. आता बरेच आहेत.

फोन वाजतो. 'आई' असं दिसतं. कुणाची —

कुणाला तरी काहीतरी कळवायचं होतं.

३० मार्च
सकाळची पहिली पेशंट. कपाळावर पुटकुळ्या, भुवईत जुनी चीर. कागद आधीच भरलेला.

मला बघून ती मागे सरली. मग कुठल्याशा टोपणनावाने हाका मारू लागली. माझी हनुवटी धरून अंगठ्याने काहीतरी शोधत राहिली. इथे तीन टाके होते म्हणाली. रडली. घरी चल म्हणाली. कुणाच्या घरी, मी विचारलं.

रडणारे पेशंट मलम लावलं की शांत होतात. मी खुर्चीत बसवलं. कपाळाला लावलं, भुवईला जरा जास्त. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. सोडत नव्हती. झोपाळ्याचं सांगत होती, सगळं, पहिल्यापासून. मला ते ऐकावंसं —

डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं. मलम भिनलं तशी मनगटावरची पकड सैल झाली. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बाई, तुम्ही कोण —