गुडघेदुखीची साथ

१२ ऑक्टोबर
पारावरून गेलो. कोणी उठलं नाही. बावीस वर्षं सरपंच आहे. मी दिसलो की पारावरची माणसं उठून उभी राहतात, ही गावची रीत. आज अकरा होते, अकराही बसून. ग्रामपंचायतीचा शिपाई गोरक्ष म्हणाला, गुडघं दुखत असतेल साहेब. पटलं. संधिवाताचं शिबिर घ्यायचं. बॅनरवर माझा फोटो मोठा.

१५ ऑक्टोबर
साथ बायकांतही पसरली. टँकर आधी माझ्या विहिरीत ओततात, उरलेलं पाणी गावाला. आज उरलेलं घ्यायला एकही बाई आली नाही. सगळ्या ग्रामपंचायतीसमोर नुसत्या बसून. घोषणा नाही, शिवी नाही. याला काय आंदोलन म्हणायचं? एखादा दगड मारायचा, म्हणजे केस तरी करता येते.
पुढे लंकाबाई. राखीव जागेवर हिला मीच निवडून आणली, उपसरपंचही मीच केली. अंगठेबहाद्दर, त्यात सहा महिने ऊसतोडीला. इतका सोयीचा उपसरपंच जिल्ह्यात नाही.

३ नोव्हेंबर
गाव ऊसतोडीला गेलं. लंकाबाईसुद्धा. आंदोलन खलास. पेशन्स लागतो. मी ग्रामसभा जानेवारीतच घेतो ती उगाच नाही. गाव रिकामं, सभा शांत, ठराव एकमताने.
शिबिर कॅन्सल. बॅनर राहू दे.

२९ डिसेंबर
अविश्वास ठराव. नऊपैकी आठ सदस्य विरोधात. माझ्या बाजूने मी. लंकाबाई तेवढ्यासाठी एसटीने आली, अंगठा दिला, संध्याकाळच्या पाथर्डी गाडीने परत. नमकहराम.
आता विशेष ग्रामसभेत गावाने गुप्त मतदान करायचं. तारीख वीस जानेवारी. हसू आवरेना. गावात उरलेत म्हातारे आणि शेळ्या. पेढ्यांची ऑर्डर दिली. बायको म्हणाली, आधी निकाल तर लागू द्या. तिला राजकारण कळत नाही.

१९ जानेवारी
उद्या भाषण छोटं. सगळ्यांना माफ करायचं. लंकाबाईने माफी मागितली तर तिलाही.

२० जानेवारी, सकाळी ७
जीप येताहेत. टेम्पो येताहेत. एका दिवसाचा खाडा करून सगळी उतरताहेत, अंगावर उसाचं पाचट तसंच. गोरक्षला विचारलं, हे कशाला? म्हणाला, तुमाला भेटायला साहेब. बरं वाटलं.

दुपारी १२
रांग पारापर्यंत. तीन तास उभे आहेत. एकाचाही गुडघा दुखत नाही. गोरक्ष खोटारडा.

संध्याकाळी ६
ठराव मंजूर. आठशे बारा विरुद्ध एकोणीस. गुलाल नाही, फटाका नाही. लंकाबाई पदराने डोळे पुसत होती. सगळे चहा पिऊन परत जीपमध्ये बसले, उद्या तोड आहे म्हणे. अशा लोकांना क्रांती करता तरी येते का? बायकोने माझे पेढे जीपमध्ये वाटले. नासून जातील, म्हणाली.
फेरमोजणी मागायची.

२ फेब्रुवारी
फेरमोजणी मागितली नाही. एकोणीसचे अठरा झाले तर काय घ्या.
टँकर आता गावच्या टाकीत ओततात. कारभार लंकाबाईकडे. ऊसतोड सोडून गावातच राहिली. आज पारावर बसलो. म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली. तेवढ्यात ती आली. कोणी उठलं नाही. ‘माझ्यासाठी उठायचं न्हाई’, असं तिनेच कारभार घेतला त्या दिवशी सांगितलंय.
मी एकटाच उठून उभा होतो. कधी उठलो, कळलंच नाही.
ती म्हणाली, बसा आप्पासाहेब, गुडघं दुखतेल.