शुक्रवारचं गाऱ्हाणं

प्रिय दादा,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि आज मी तुला पहिलं पत्र लिहितोय. तू असताना कधी लिहिलं नाही. एकाच अंगणातल्या भावाला कोण पत्र लिहितं? पण आता काम निघालंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं कळत नाही.

शुक्रवारी जपानच्या दोन मुली येतायत. आमच्या शाळेच्या त्या सिस्टर स्कूलमधून, आठ दिवसांसाठी, आपल्या मिठबावच्या घरी. नावांसोबत त्यांच्या बाईंनी एक ओळ लिहून पाठवलीय : मुली विचारतात, देवाला आपलं नाव सांगणारे आजोबा भेटतील का?

तुला आजोबा करून टाकलं, बघ! अजून साठी उलटायची होती तुझी.

ही सिस्टर स्कूलची भानगड मी तुला पहिल्यांदा समजावली, तेव्हा तू काय म्हणाला होतास? "शाळेक भयण? ती पण जपानात? आणि आमका लग्नाक बोलवूक नाय?" आणि तरी सगळ्यात आधी "एक पोर आमच्याकडे" म्हणून तूच सांगून मोकळा झालास. माझी शाळा, माझा उपक्रम, आणि यजमान तू!

ती पोर म्हणजे युई. शांत, अंग चोरून बसणारी. वहिनीने वाढलेलं सगळं खायची आणि दिवसेंदिवस पिवळी पडत चाललेली. तिसऱ्या दिवशी वहिनीने तुला कानात काहीतरी सांगितलं. तू उठलास, नारळ घेतलास आणि घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिलास. शेजारपाजारचे आठ-दहा जण जमले. मला वाटलं, देवाकडे पाहुणीचं भलं मागायचं नेहमीचं गाऱ्हाणं असेल.

"बा देवा महाराजा! ह्या चेडू आवशीबापाशीक सोडून तुझ्या दारात इला. युई तेचा नाव. तीन दिस झाले, तेचा पोट साफ नाय. आमचा काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि तेका मोकळा कर, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे गरजले. सगळे वाकले म्हणून युईही वाकली, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्याने तिनेही म्हटलं, "व्हय महाराजा!"

युईसोबत आलेल्या त्यांच्या बाई माझ्याकडे वळल्या. यांनी काय मागितलं? पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलेला मी, धीर करून म्हणालो, "तिच्या आंतरिक शांतीसाठी प्रार्थना केली." शब्दशः खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी पोरगी हसत चहाला आली. तू श्रेय देवाला दिलंस, वहिनीने पपईला.

तुझ्या गाऱ्हाण्याची मी किती थट्टा केली, रे! कर्ता एका टोकाला, क्रियापद दुसऱ्या, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. मी म्हणायचो, देवाला आधी अन्वय लावावा लागत असेल, मग कृपा. तू नुसता हसायचास. "पंडिता, तुझो देव शिकलेलो. आमचो ऐकता."

आता परवा शेजारच्या नानाने अंगणातूनच हाक घातली. "मास्तरानू, गाऱ्हाणा कोण घालतलो? नायतर पोरां येतली, आणि तुमी तेंका सुभाषितां शिकवशात!"

संध्याकाळी पाहिलं, वहिनीने नारळ सोलून देवापुढे ठेवलेला.

मग मी सराव केला, विहिरीकडे जाऊन. काय झालं माहीत आहे? तोंडातून संस्कृतच येतं. सगळं जग सुखी होवो, सगळे निरोगी राहोत. सुंदर आहे, पण त्यात सगळे आहेत आणि कुणीच नाही. एका माणसाचं नाव घेऊन, त्याचं दुखतं कुठे ते सांगून, चारचौघांत मागायला माझी जीभ वळत नाही. वहिनी कळशी घेऊन मागे उभी होती. म्हणाली, "भावजी, देव काय परीक्षेक बसलो नाय."

खरं सांगू? ही जीभ एकदा आधीही वळली नव्हती. ओरोसच्या इस्पितळात तू आत होतास. वहिनी म्हणाली, "भावजी, एक गाऱ्हाणा घाला." बाकांवर अनोळखी माणसं होती. मला लाज वाटली. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात मंत्र म्हटले. शुद्ध म्हटले.

गाऱ्हाण्याने तू वाचला असतास असं मी म्हणत नाही. पण बाकांवरची ती माणसं आपल्याच मुलखातली होती, दादा. त्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं असतं. तुझ्या खोलीचं दार उघडंच होतं. तुला ऐकू गेलं असतं.

आणि तू तरी कसला! दुसऱ्याच्या पोटाचं गाऱ्हाणं खळ्यात, आणि आपल्या छातीत कळ येते हे मात्र देवालासुद्धा सांगितलं नाहीस?

असो. भांडण पुढे कधीतरी, समोरासमोर.

शुक्रवारी मी खळ्यात उभा राहीन. दोन्ही मुलींची नावं घेईन, त्यांच्या आईवडिलांचीही. ती बाईंकडून मागवून घेतलीत. काय हवं, काय दुखतं, ते विचारून घेईन आणि आपल्या बोलीत, मोठ्याने मागेन. बाईंनी अर्थ विचारलाच, तर या वेळी पोटाला पोट म्हणेन.

आणि शेवटी वहिनीसाठी मागेन. तू गेल्यापासून तिला झोप नाही. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिने ते सगळ्यांच्या देखत, नाव घेऊन मागितलेलं ऐकावं.

सगळे "व्हय महाराजा" म्हणतील. तूही म्हण. जरा मोठ्याने.

तुझो धाकटो,
पंडित